लिस्बनच्या चढावर बाबागाडी

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याची लिस्बनमध्ये परिषद आहे, पाच दिवसांची. त्या, नऊ महिन्यांची लेक आणि गुडघे धरलेल्या सासूबाई सोबत जाणार. नवरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत परिषदेत, म्हणजे फिरायचं ते या तिघींनीच. विचारायच्या गोष्टी दोन. सात टेकड्यांच्या त्या जुन्या बंदराच्या गावात बाबागाडी न्यावी की बाळाला नुसतं कडेवर घेऊन फिरावं? आणि प्रत्येक फोटोत दिसते ती पिवळी ट्राम बाळासकट करता येईल का?

गाडी न्या, ट्राम सोडा. एवढंच हवं असेल तर इथंच थांबलात तरी चालेल.

मी अकरा वर्षं लिस्बनमध्ये राहते. त्यातली सात वर्षं तान्ही मुलं असलेल्या कुटुंबांना पायी शहर दाखवणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि माझी स्वतःची दोन्ही मुलं याच रस्त्यांवर गाडीत बसून, रडून, झोपून मोठी झाली. माहेर रत्नागिरीचं. घरापासून समुद्रापर्यंत पाखाडी उतरायची आणि संध्याकाळी तीच चढायची, यात वाढले. त्यामुळे चढाची भीती अशी नव्हतीच. बाबागाडी हातात आली तेव्हा ती पहिल्यांदा वाटली.

इथं येणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे फोनवरच्या नकाशावर विश्वास. नकाशा सांगतो, सहाशे मीटर, आठ मिनिटं. त्या सहाशे मीटरांत मध्येच सत्तर पायऱ्या आहेत हे तो सांगत नाही. लिस्बनमध्ये अंतर विचारायचं नसतं, उंची विचारायची असते. आणि कुठं चढ असेल, कुठं सपाट, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. ती समजायला शहराचा थोडा इतिहास लागतो.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास लोक चर्चमध्ये जमलेले, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. लोक धावत नदीकाठी मोकळ्यावर गेले, तर समुद्राची लाट नदीच्या मुखातून आत शिरली. मग आग, ती कित्येक दिवस विझेना. नदीकाठचा राजवाडा, बाजार, दाट वस्ती सगळं गेलं. पुढे ज्याला मार्केस द पोंबाल ही पदवी मिळाली त्या मंत्र्यानं जुन्या गल्ल्या पुन्हा उभ्या केल्या नाहीत. सैन्यातल्या इंजिनियरांकडून त्यानं सरळसोट, काटकोनात छेदणारे रस्ते आखून घेतले. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवला, पुन्हा जमीन हलली तर भिंत डोलावी, कोसळू नये म्हणून. हाच आजचा बायशा भाग. बायशा म्हणजे खालचा, सखल. तिथल्या रस्त्यांना धंद्यांची नावं आहेत: सोन्याची, चांदीची, चांभारांची, कापडवाल्यांची. पुण्यात तांबट आळी असते तसंच.

शेजारच्या अल्फामा टेकडीचं नुकसान त्या मानानं कमी झालं. तिथली मूर लोकांच्या, म्हणजे मुस्लिम राजवटीच्या, काळापासूनची गुंतागुंत, जिने, बोळ, अंगणातून निघणाऱ्या वाटा तशाच राहिल्या. म्हणून माझं गणित साधं आहे: भूकंपानं जे पाडलं तिथं बाबागाडी धावते, भूकंपातून जे वाचलं तिथं बाळ कडेवर घ्यावं लागतं. याला एक मोठा अपवाद आहे पश्चिमेकडच्या बेलेम भागाचा, तो पुढे येईल. आणि पूर्वेकडे १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जुन्या कारखान्यांची जमीन साफ करून जो नवा भाग उभा केला, तो तर कॅरम बोर्डासारखा सपाट आहे.

आता गाडी कुठली, हे आधी सांगते, कारण ते निघण्यापूर्वी ठरवावं लागतं.

इथले पदपथ आणि चौक पांढऱ्या चुनखडीच्या लहान लहान दगडी ठोकळ्यांनी बांधलेले आहेत, मध्ये काळ्या दगडाची नक्षी. याला काल्सादा म्हणतात. १८४२ मध्ये इथल्या साओ जॉर्ज किल्ल्यावरच्या लष्करी अधिकाऱ्यानं कैद्यांकडून असं एक आवार करून घेतलं, ते लोकांना इतकं आवडलं की काही वर्षांत रोसिओ चौकात लाटांची नक्षी आली, आणि मग शहरभर हेच झालं. दिसतं सुंदर. पावलांनी घासून घासून मात्र ते दगड साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेत, आणि दर दहा पावलांवर एखादा ठोकळा निखळून खड्डा पडलेला असतो. अगदी हलक्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीची चिमुकली जोडचाकं त्या खड्ड्यात अडकतात आणि बाळाला दिवसभर जात्यावर बसल्यासारखे हिसके बसतात. उलट, हवा भरलेल्या मोठ्या चाकांची भारी गाडी दगडांवर छान चालते, पण जिना आला की ती तुम्ही आणि सासूबाई मिळून उचलणार कशी? म्हणून मधली निवडा: एका हातानं मिटणारी, सात-आठ किलोच्या आतली, पण चाकं तळहाताहून मोठी आणि एकेरी. पुढची चाकं सरळ अडकवून ठेवायची खुंटी हवी. काल्सादावर ती खुंटी लावून टाकायची, नाहीतर चाकं थरथरत राहतात.

सोबत एक चांगला बेबी कॅरियर घ्याच, कमरेला पट्टा असलेला. गाडी की कॅरियर असा प्रश्नच इथं नाही. दिवसातले दोन तास गाडी मिटलेली आणि बाळ छातीशी, असं धरूनच चाला. विमान मध्ये बदलणार असाल तर गाडी मधल्या विमानतळावर हातात मिळेल की थेट लिस्बनला, हे बॅगा देतानाच विचारून घ्या. ती मध्ये मिळाली नाही तर रात्री दोन वाजता लांबच लांब विमानतळावर कॅरियरच कामाला येतो.

उताराबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. चढाची सगळ्यांना धास्ती असते, आणि खरा धोका उतारावर असतो. चढताना फार तर दम लागतो. उतरताना, त्यातून दगड ओले असतील तर, पाय घसरतो आणि गाडी हातातून निसटते. ऑक्टोबर हा इथं पाऊस सुरू होण्याचा महिना. आपल्यासारखा धो-धो नाही, पण बारीक रिमझिमीतच हे दगड सगळ्यात वाईट. गाडीच्या दांड्याला मनगटात अडकवायचा पट्टा असतो तो नक्की वापरा, नसेल तर जुन्या ओढणीची नाडी बांधा. मान खाली करून पाहावं लागेल इतका उतार असेल तर बाळ छातीशी बांधा आणि रिकामी गाडी उतरवा. सासूबाईंना रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घ्या. सपाता नि कोल्हापुरी घरी.

ट्रामच्या रुळांची गंमत मी स्वतःच्या अंगावर शिकले. थोरला सात महिन्यांचा होता. बायशातल्या एका रस्त्यावर, जिथून जुन्या ट्राम जातात, घाईत तिरकी ओलांडायला गेले आणि पुढचं चाक रुळाच्या खोबणीत बसलं ते बसलंच. मी ओढतेय, गाडी कलतेय, आणि कोपऱ्यावरून घंटा वाजवत ट्राम येतेय. चालकानं थांबवली, खाली उतरला, एका हातानं गाडी उचलून पलीकडे ठेवली, मुलाच्या गालाला हात लावला आणि परत जाऊन बसला. तेव्हापासून रूळ आला की मी गाडी अगदी काटकोनात वळवते आणि पुढची चाकं किंचित उचलून पार करते. तुम्हीही तसंच करा.

राहायचं कुठं? परिषद कुठं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण शक्य असेल तर बायशाचा नदीकडचा भाग, नाहीतर साल्दान्याच्या आसपासचं रुंद रस्त्यांचं नवं शहर, नाहीतर पूर्वेचा तो १९९८ चा भाग, पार्के दास नासोंइश. अल्फामा, ग्रासा, बिका इथली घरं फोटोत फार गोड दिसतात, किंमतही बरी असते, आणि दारापर्यंत मोटार जात नाही. बायशातही एक खोच आहे. पोंबालच्या काळातल्या इमारती चार-पाच मजली, आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. असली तर ती नंतर जिन्याच्या पोकळीत कोंबलेली, दोन माणसांपुरती. म्हणून घरमालकाला "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका. तीन प्रश्न विचारा: लिफ्टच्या दाराची रुंदी किती, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, आणि घर नेमकं कितव्या मजल्यावर. मोजून कळवा म्हणावं. पहिल्या लिफ्टपर्यंतच्या त्या सहा पायऱ्या जाहिरातीत कधीच नसतात.

विमानतळावर मेट्रो आहे, लाल मार्गाची. पार्के दास नासोंइशचं स्टेशन, ओरिएंते, तिसरंच येतं. मेट्रोचं रुंद फाटक गाडीसाठी उघडतं, चार वर्षांखालच्या बाळाला तिकीट नाही. मात्र सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, आणि जिथं आहे तिथं ती चालू असेलच असं नाही. एकदा एका स्टेशनात मी एक लिफ्ट उतरून दुसरीपाशी गेले तर तिच्यावर बंदची पाटी, आणि वर जायला फक्त जिना. चार अनोळखी हात आले आणि गाडी वर गेली. "एलेव्हादोर" म्हणजे लिफ्ट, "आव्हारियादु" म्हणजे बिघडलेली. दुसरा शब्द वाचायला शिका, तो जास्त दिसेल. सासूबाईंचे गुडघे धरता मी तुम्हाला मेट्रोपेक्षा बसच सुचवेन. नव्या बसचा तळ खाली असतो, मधल्या दारापाशी गाडीची जागा असते, बाळ बसलेलं ठेवून गाडी तशीच चढवता येते. पाठ चालकाकडे करून लावायची आणि ब्रेक मारायचा. टॅक्सी लागली तर बाळाची सीट आधी सांगून मागवा, आयत्या वेळी मिळत नाही.

आता ती ट्राम. अठ्ठावीस नंबरची. मार्तिम मोनीझ चौकातून निघते, ग्रासा, अल्फामा, बायशा, इश्त्रेला करत कांपू द ओरीकला जाते. डबे १९३० च्या दशकातल्या बांधणीचे, अरुंद, चढायला उंच पायरी. गाडी मिटूनच न्यावी लागते, आणि आत उभं राहायलाही जागा नसते. रांगेत दिवसा तास मोडतो, खिसेकापूंची ती आवडती गाडी, आणि वळणावर असा हिसका देते की दोन्ही हात दांडीला हवेत. बाळ, मिटलेली गाडी आणि गुडघेदुखीच्या सासूबाई हे तिन्ही घेऊन हात किती उरतात ते मोजा. हौस असेलच तर सकाळी सातच्या आधी शेवटच्या थांब्यावरून बसा, तीन थांबे जाऊन उतरा, फोटो झाला. एरवी रस्त्यावर उभं राहून बघायलाच ती जास्त छान दिसते.

डोंगरावरून घसरत जाणाऱ्या दोरीच्या ट्रामही फोटोत पाहिल्या असतील. त्यातल्या ग्लोरियाच्या मार्गावर ३ सप्टेंबर २०२५ ला भीषण अपघात होऊन सोळा माणसं गेली. त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या. तुम्ही जाल तेव्हा काय चालू, काय बंद ते पाहून घ्या. काही झालं तरी बाबागाडीच्या दिवसांत त्यांच्यावाचून तुमचं अडणार नाही.

कारण शहरानं चढासाठी गुपचूप दुसऱ्या सोयी केल्यात, आणि त्या फुकट आहेत. बायशातल्या कापडवाल्यांच्या रस्त्यावर, म्हणजे रुआ दुश फांकैरुशवर, एका साध्या इमारतीच्या दारातून आत गेलात की लिफ्ट आहे. ती वरच्या रुआ दा मादालेनावर काढते. समोरचा लहानसा चौक ओलांडलात की जुन्या बाजाराची इमारत, जिथं खाली सुपरमार्केट आहे. तिथं दुसरी लिफ्ट. ती तुम्हाला जवळजवळ किल्ल्याच्या कंबरेपर्यंत नेते. शेवटचा चढ उरतो, पण तो सोसवणारा. सासूबाईंना तोही नको असेल तर फिगैरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस थेट किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. मी तर वर बसनं, खाली लिफ्टनं असंच करते. बायशाच्या वरच्या अंगाला शियादु भाग आहे, तिथला चढ हवा असेल तर बायशातून आर्माझेंश दु शियादु या मॉलमध्ये शिरायचं, आतल्या लिफ्टनं वर जायचं आणि वरच्या दारानं शियादुत बाहेर पडायचं. त्याच मॉलमध्ये बाळाचं लंगोट बदलायची खोलीही आहे. तिला "फ्राल्दारिऊ" म्हणतात. छोट्या कॉफीच्या दुकानात ही सोय मिळेल अशी आशा ठेवू नका, मोठ्या मॉलांवर भिस्त ठेवा.

किल्ल्यात, साओ जॉर्जच्या, तटावर चढायला जिने आहेत, ते सोडून द्या. पण तोफा मांडलेला पुढचा सज्जा सावलीचा आहे, तिथून खाली लाल कौलांचा पसारा, नदी आणि पूल दिसतो, आणि मोर मोकळे हिंडत असतात. माझ्या धाकटीनं पहिला मोर तिथं पाहिला, भारतात नव्हे. तिथून सांता लुझियाच्या सज्जापर्यंतचा उतार छोटा आहे, पण दगडी, तेव्हा बाळ छातीशी.

अल्फामाच्या आत गाडी घेऊन घुसू नका. मी सांगते ती युक्ती करा: नदीकाठच्या सपाट रस्त्यानं अल्फामाच्या पायथ्याशी, फादू संगीताच्या संग्रहालयासमोरच्या चौकात जा. तिथं टेबलं मांडलेली असतात. एकीनं बाळ, गाडी आणि कॉफी घेऊन बसायचं, दुसरीनं अर्धा तास बोळांत वर जाऊन यायचं. मग पाळी बदलायची. सासूबाईंना वर जायचं नसेल तर त्यांना बसूनही बरंच दिसेल: दोरीवरचे कपडे, खिडकीतून खिडकीत चाललेल्या गप्पा, जाळीवर भाजलेल्या माशाचा वास. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला त्या चौकात परकं वाटत नाही.

बेलेमसाठी एक अख्खा दिवस काढा. सोमवार मात्र सोडून, सोमवारी तिथला मठ आणि बरीच संग्रहालयं बंद असतात. हा तो मोठा अपवाद. जेरोनिमोसचा मठ १५०१ च्या आसपास बांधायला घेतला, भूकंपात फारसा ढळला नाही, तरी सगळा परिसर सपाट, कारण तो नदीच्या पुळणीवर आहे. पंधरा नंबरची ट्राम तिथं जाते. हिचे बहुतेक डबे नवे, लांब, खालच्या तळाचे, गाडी उघडीच चढते. म्हणजे तुमची ट्रामची हौसही इथंच भागते. चर्चमध्ये शिरताच उजव्या हाताला कामोइश हा कवी आणि डाव्या हाताला वास्को द गामा, यांची दगडी थडगी आहेत. गामा १५२४ मध्ये कोचीत मेला, आधी तिथंच पुरला, मग इकडे आणला. त्या थडग्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. कोकणी माणूस म्हणून मला तिथं हात जोडावेसे वाटत नाहीत, पण चर्चचे खांब पाहायला मी पुन्हा पुन्हा जाते. दगडात दोरखंड, गाठी, समुद्री वेली कोरल्यात. वसई, रेवदंडा पाहिलं असेल तर त्या कामाची थोरली जाऊ इथं भेटते. मठाच्या ओवऱ्यांचा खालचा मजला गाडीनं फिरता येतो, वरच्या मजल्याला जिना.

मठ आणि नदी यांच्यामध्ये हमरस्ता आणि रेल्वे आहे. तो ओलांडायच्या भुयाराला पायऱ्या आहेत, गाडी दोघींनी धरून उतरवा. पलीकडे दर्यावर्द्यांचं ते उंच स्मारक, समोर जमिनीवर दगडांत केलेला जगाचा नकाशा, आणि मग बेलेमच्या बुरुजापर्यंत नदीकाठची वाट. बुरूज बाहेरूनच पाहा. आतला जिना गोल आणि इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं मागे फिरायचं. पाऊस आला तर शाही रथांचं संग्रहालय जवळ आहे. २०१५ ची नवी इमारत, लिफ्ट, प्रचंड दालनं, आणि त्यात सोन्याच्या मुलाम्याच्या राजगाड्या ओळीनं उभ्या. बाबागाडीतून राजगाड्या बघताना बाळाला काय वाटतं माहीत नाही, पण रंग आणि चाकं बघून माझी दोन्ही गप्प बसली होती. १८३७ पासूनचं कस्टर्डच्या पेस्ट्रीचं ते प्रसिद्ध दुकानही इथंच. बाहेरच्या लांब रांगेत उभ्या राहू नका, ती बांधून नेणाऱ्यांची आहे. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, टेबल पटकन मिळतं.

रांगेवरून आठवलं, आणि ही तुमच्या सगळ्यात कामाची गोष्ट. पोर्तुगालमध्ये २०१६ चा कायदा आहे: गर्भवती बाई, अपंग, थकलेली वृद्ध माणसं आणि लहान बाळ घेऊन आलेलं कुणीही, यांना सरकारी कचेरीत तसंच खासगी दुकानात आधी घ्यावंच लागतं. बाळ दोन वर्षांपर्यंतचं. कायद्यातला शब्द आहे "क्रियांसा द कोलु". कोलु म्हणजे मांडी, कड. अगदी आपलं कडेवरचं मूल. कोणी आपणहून हाक मारेलच असं नाही, पण तुम्ही पुढे होऊन "प्रियोरिदाद" एवढं म्हणालात की रांग बाजूला होते, कुणी तोंड वाकडं करत नाही. आपल्या बायका भिडेपोटी मागे उभ्या राहतात, हे मी सात वर्षं बघतेय. भीड सोडा. तुमची लेक ही तिघींचा पास आहे.

समुद्र खुद्द शहरात नाही. शहर तेजू नदीच्या मुखावर आहे. पाण्याला भरती-ओहोटी आहे, वास खारा आहे, पण लाटा पाहायच्या तर काइश दु सोद्रे स्थानकातून काठाकाठानं जाणारी लोकल पकडा. चाळीसेक मिनिटांत काश्काइश, शेवटचं स्टेशन. डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा. गाव लहान, मधला भाग बऱ्यापैकी सपाट, आणि तिथून इश्तोरीलच्या दिशेनं समुद्राला लागून पायवाट आहे, दोन-तीन किलोमीटरची, मोटारींशिवाय. बाळाची दुपारची झोप मी नेहमी त्याच वाटेवर काढते: एका बाजूला लाटा, गाडी चालती, पंचवीस मिनिटांत डोळा लागतो. इश्तोरीलला पुन्हा लोकल. पाण्यात उतरायचा बेत मात्र करू नका. हा अटलांटिक आहे, कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असेल तर घोटा बुडताच किंचाळाल. वारा दुपारनंतर वाढतो, कान झाकणारं टोपडं हवं.

पार्के दास नासोंइशला मत्स्यालय आहे, १९९८ चं, मधली टाकी पन्नास लाख लिटरची. शार्क आणि पाकट काचेपलीकडून पोहत जातात, अंधार, थंडावा, सगळीकडे उताराची वाट नाहीतर लिफ्ट. नऊ महिन्यांच्या बाळाला हलतं काहीतरी बघायला एवढं पुरे. बाहेर नदीकाठ लांबवर सपाट, समोर सतरा किलोमीटरचा वास्को द गामा पूल. पावसाचा दिवस यासाठी राखून ठेवा. सिंत्राचे राजवाडे या फेरीत नकोत. डोंगर, गर्दी आणि बसच्या रांगा, तिघींचाही दिवस नासेल.

तुम्हाला कुणी सांगणार नाही अशी एक जागा सांगते: कांपू द ओरीक. टेकडीच्या माथ्यावर असूनही आत काटकोनी सपाट रस्ते, बाळांच्या गाड्यांची रहदारी, एक झाकलेला बाजार आणि शेजारी इश्त्रेलाची बाग. बागेत बदकांचं तळं, झोपाळे, लोखंडी बँडस्टँड, आणि दुपारी सगळ्या लिस्बनच्या आज्या. तिथं एक दुपार काहीही न बघता घालवा.

खाण्याचं फार अवघड नाही. कुठल्याही साध्या खानावळीत "सोपा" मिळतं: बटाटा, गाजर, कोबी, भोपळा शिजवून घोटलेलं दाट सूप. बाळाच्या घशाखाली ते सहज जातं. मीठ मात्र असतं, म्हणून मी ते साध्या भातात कालवून थोडंच देते. भात म्हणजे "आरोझ", सगळीकडे मिळतो. त्यात मांसाचा रस्सा किंवा सॉसेजचा तुकडा आहे का ते विचारून घ्या, शाकाहारी असाल तर. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर परत द्या, त्यात काही गैर नाही. रात्रीचं जेवण इथं आठनंतर रंगतं, तेव्हा बाहेरचं मोठं जेवण दुपारी घ्या आणि रात्री घरी खिमट. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाळासाठी उकळून घ्या एवढंच. डब्याचं दूध, ताप उतरायचं औषध, लंगोट यांसाठी हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. तुमच्या बाळाच्या दुधाचा नेमका ब्रँड मिळेल याची खात्री नाही, तो घरूनच पुरेसा न्या. मेतकूट आणि तांदळाची भरडही.

संध्याकाळी, सूर्य सातच्या सुमारास मावळतो तेव्हा, नवरा मोकळा झाला की सगळे मिळून काइश दु सोद्रेपासून कोमर्सियो चौकापर्यंत नदीकाठानं चाला. राजवाडा बुडाला तो हाच चौक. वाट सपाट आहे, दगडांचा हिसका कमी, आणि गाडी पहिल्यांदाच नवऱ्याच्या हातात द्या.

सकाळचा पाव आणायला मात्र सासूबाईंना पाठवा. भाषेची काळजी नको. दुकानात जाऊन त्यांनी "पाव" म्हटलं तरी पाव मिळेल. उच्चार थोडा नाकातून काढला की झालं. कोबीला इथं "कोव्ह" म्हणतात, अननसाला "अनानाश", साबणाला "साबांव", चावीला "शाव्ह". माझ्या आईनं पहिल्या खेपेला कोपऱ्यावरच्या दुकानात एवढ्याच शब्दांवर पंधरा दिवस काढले, आणि दुकानदारीणबाई मला अजून विचारते, आई पुन्हा कधी येणार.